रायफलच्या बफरचं वजन वाढवून सायकलिंग खरंच सुधारतं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. एक, अमेरिकन व्हिडिओंमध्ये एआर-15 या रायफलच्या बफरमध्ये, म्हणजे दस्त्यातल्या एका दांड्यात, जड वजनं घालून 'सायकलिंग', म्हणजे गोळी सुटल्यावर रिकामी पुंगळी आपोआप फेकून पुढचं काडतूस भरणं, सुधारल्याचं दाखवतात, त्यात तथ्य किती? दोन, पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर तुम्ही जी 10 मीटर एअर रायफल चालवता तिच्यात असं काही करता येईल का? दुसऱ्याचं उत्तर नाही असं आहे, त्याकडे शेवटी येतो. पहिल्याचं उत्तर हो. फक्त बरेच लोक दुखणं एकीकडे आणि मलम दुसरीकडे लावतात. मीही लावलं होतं.

मी बंदूक दुरुस्त करणारा माणूस नाही. भोसरीत काही वर्षं स्प्रिंगा आणि प्रेस टूलमध्ये काढली, मग नोकरीसाठी टेक्सासला होतो. तिथे ऑफिसातल्या एका मित्राची 16 इंची नळीची एआर होती. तिच्या पुंगळ्या घड्याळातल्या एकच्या दिशेने, म्हणजे जवळजवळ पुढेच उडायच्या आणि रेंजच्या पत्र्यावर टणटण आपटायच्या. मधूनच बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा तुकडा, पुढचं काडतूस नीट न उचलता त्याच्या पाठीवर जाऊन अडकायचा. मित्राने व्हिडिओ बघून सगळ्यात जड बफर आधीच मागवून ठेवला होता.

आत काय चालतं ते आधी बघू. गोळी सुटली की नळीच्या छिद्रातून थोडा गॅस मागे येतो आणि बोल्ट कॅरियरला, म्हणजे बोल्ट ज्यात बसतो त्या जड तुकड्याला, मागे ढकलतो. कॅरियर मागे जाताना रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकतो आणि दस्त्यातल्या नळकांड्यात शिरून स्प्रिंग दाबतो. मग तीच स्प्रिंग त्याला पुढे ढकलते, वाटेत मॅगझिनमधलं नवं काडतूस उचललं जातं आणि बोल्ट बंद होतो. कॅरियर आणि स्प्रिंग यांच्यामध्ये जो दांडा असतो तो बफर.

हा बफर हातात घेऊन कानाशी हलवला तर लहान मुलाच्या खुळखुळ्यासारखा वाजतो. आत तीन सुटी वजनं असतात, मध्ये रबराच्या चकत्या. ती मुद्दाम सुटी ठेवलेली आहेत. कॅरियर पुढे येऊन आदळला की ही वजनं क्षणभर उशिरा आदळतात आणि त्याची उलटी उसळी मारून टाकतात. वर्कशॉपमधला डेड ब्लो हॅमर (आत सुटे छर्रे भरलेला, न उसळणारा हातोडा) ज्यांनी वापरलाय त्यांना जास्त सांगायला नको. म्हणून बफरमध्ये शिसं ओतून किंवा एकसंध तुकडा ठोकून वजन वाढवणं हा शुद्ध गाढवपणा आहे. वजन वाढतं, काम जातं.

ही सुटी वजनं आली कुठून, तीही गंमतच आहे. 1964 साली अमेरिकन सैन्याने एम16, म्हणजे एआर-15 च्या लष्करी भावंडाच्या, काडतुसांतली दारू बदलली. नव्या दारूने रायफल ठरल्यापेक्षा जोरात धावायला लागली, बिघाड वाढले, आणि 1966 च्या सुमारास सुट्या वजनांचा नवा बफर आला. म्हणजे तो जन्मापासूनच दुसऱ्या कुणीतरी केलेल्या चुकीवरचा उतारा आहे.

आता आकडे. साधा कार्बाइन (आखूड नळीच्या रायफलचा) बफर साधारण 85 ग्रॅमचा, त्यात तिन्ही वजनं पोलादाची. एक काढून टंग्स्टनचं घातलं की 'एच', सुमारे 108 ग्रॅम. दोन बदलली की 'एच2', 130 च्या आसपास. तिन्ही बदलली की 'एच3', 155 च्या जवळ. टंग्स्टन पोलादाच्या दुपटीहून जड, त्यामुळे आकार न बदलता वजन वाढतं. लांबी बदलायचीच नाही. कमी लांबीचा बफर बसला तर कॅरियर हद्दीबाहेर मागे जातो आणि त्याच्या वरची गॅस की (गॅस आत घेणारी छोटी नळी) रायफलच्या अंगावर आपटते.

कॅरियर आणि बोल्ट मिळून सुमारे 330 ग्रॅम. साध्या बफरसह धावणारं वजन झालं 415, एच2 घातला की 460. वाढ अकरा टक्क्यांच्या आसपास. गॅसचा धक्का तोच राहिला तर मागे जाणाऱ्या मालाचा वेग आणि त्यातली ऊर्जा दोन्ही साधारण दहा टक्क्यांनी उतरतात. बस, एवढाच फरक. व्हिडिओत 'रायफल लोण्यासारखी चालते' म्हणतात तेव्हा हे दहा टक्के लक्षात ठेवा.

तर मित्राने एच3 घातला. पुंगळ्या तीन-चारच्या दिशेने, शिस्तीत पडायला लागल्या. आम्ही खूश. तासाभराने नवंच दुखणं सुरू झालं. बोल्ट पुढे येताना दमायचा, शेवटचे दोन-चार मिलिमीटर बंदच व्हायचा नाही. खटका ओढला की नुसतं 'टक'. मी भोसरीची सवय म्हणून स्प्रिंग बाहेर काढून टेबलावर आडवी ठेवली आणि मोजली. पावणेदहा इंच. कार्बाइनची ही स्प्रिंग मोकळी असताना 10 इंचांच्या खाली गेली की टाकून द्यायची असते. म्हणजे मूळ रोग थकलेली स्प्रिंग. ती कॅरियरला मागे जाताना अडवत नव्हती आणि पुढे येताना ढकलत नव्हती, आणि आम्ही तिच्याच डोक्यावर आणखी 70 ग्रॅम ठेवले होते. नवी स्प्रिंग आणि एच बफर, विषय मिटला. टंग्स्टनचा तो महागडा बफर मित्राने पेपरवेट केला.

त्यामुळे क्रम असा: आधी स्प्रिंग आणि मॅगझिन, मग गॅस, सगळ्यात शेवटी वजन. 16 इंची नळीवर कार्बाइन लांबीची, म्हणजे गॅसचं छिद्र बरंच मागे असलेली, गॅस व्यवस्था असेल तर मुळातच गॅस जास्त येतो. शिवाय स्वस्तातलं काडतूसही चालावं म्हणून कंपन्या छिद्र मोठंच ठेवतात. तिथे कमीजास्त करता येणारा गॅस ब्लॉक (छिद्रावर बसून किती गॅस मागे जावा ते ठरवणारा तुकडा) हा खरा इलाज, बफर ही वरची मलमपट्टी. बदल एका वेळी एकच करायचा आणि तपासायचा आपल्याकडच्या सगळ्यात कमजोर काडतुसावर: मॅगझिनमध्ये एकच घालायचं, झाडायचं, बोल्ट मागे अडकून राहतो का बघायचं. राहिला नाही तर वजन जास्त झालं. स्कूटरच्या व्हेरिएटरमधले (आपोआप गिअर बदलणाऱ्या भागातले) रोलर बदलणाऱ्यांना हे पटेल. नाना पेठेतून हलके रोलर आणले की कात्रजचा घाट मजेत चढतो आणि हायवेवर गाडी रडते.

9 मिमीच्या ब्लोबॅक रायफलींना, म्हणजे जिथे बोल्टला कुलूप नसतं त्यांना, हे गणित लावू नका. तिथे बोल्ट बंद धरून ठेवायचं काम मुख्यतः वजनच करतं, ते कमी करणं धोक्याचं.

आता बालेवाडी. तुमच्या एअर रायफलमध्ये छर्रा दर वेळी तुम्ही हाताने भरता, आपोआप मागेपुढे होणारं काही नाहीच, मग सुधारायचं काय? नेमबाज स्वप्नील कुसाळेने 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलला कांस्य मिळवलं, त्या प्रकारातल्या .22 रायफलचा बोल्टही हातानेच ओढतात. तुमच्या रायफलच्या नळीवर जी वजनं लावतात ती तोल साधायला, आणि एकूण 5.5 किलोची मर्यादा सांभाळून. आपल्या लष्कराची इन्सास रायफल पाषाणच्या एआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेने घडवली, पण तिची स्प्रिंग अंगातच असते, दस्त्यात बफर नाही. एआर-15 सारखी रायफल आपल्याकडे साध्या परवान्यावर मिळत नाही, आणि हत्यारात बदल करायला 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे वेगळा परवाना लागतो. तेव्हा तुमच्या रायफलला कानस लावू नका. तोल पुढे जातोय असं वाटत असेल तर नळीवरचं एक वजन काढून कोचसमोर वीस-तीस छर्रे मारून बघा.