महिन्याचा आकडा बाजूला ठेव, तासाचा काढ

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. हॉटेलच्या किचनमधल्या दोन नोकऱ्या समोर आहेत, एकीत पगार बरा, दुसरीचं नाव मोठं, आणि घरचे विचारतायत की शेफच्या या धंद्यात पोट भरतं का. पोट भरतं. ड्यूटीवरचं जेवण बहुतेक किचनमध्ये मिळतं, आणि कॉमी, म्हणजे किचनमधला सगळ्यात खालचा मदतनीस, असताना ते पगाराचाच भाग म्हणून धरायला हरकत नाही. ओढाताण होते ती घरभाडं, रात्री उशिरा घरी जायचा खर्च आणि आजारपण यांत.

टीव्हीवरच्या शेफची कमाई डोळ्यांसमोर आणू नकोस. ती बरीचशी पुस्तकं, जाहिराती आणि सल्लागारीतून येते, तव्यावरून नाही. तव्यावरच्या माणसाचा पगार अजूनही फ्रेंच शेफ ऑग्युस्त एस्कॉफिये यांनी बसवलेल्या उतरंडीप्रमाणे ठरतो. १८९०च्या दशकात लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात त्यांनी कामं वाटून दिली: सॉसचा वेगळा, भाज्यांचा वेगळा, मांसाचा वेगळा, आणि सगळ्यांवर एक. काम झपाट्याने व्हायला लागलं, पण पगाराची रचनाही त्यातच ठरून गेली. खाली कॉमी पुष्कळ, मध्ये मोजके सीडीपी, म्हणजे एकेका विभागाचे (सेक्शनचे) प्रमुख, वर एखाददुसरा सू शेफ, म्हणजे मुख्य शेफचा दुय्यम, टोकाला मुख्य शेफची एकच खुर्ची. ती रिकामी होईपर्यंत खालचे सगळे ताटकळतात. म्हणून एकाच ठिकाणी निष्ठेने बसून राहण्यापेक्षा जागा बदलणाऱ्यांचा पगार बहुधा लवकर वाढतो. मात्र दर चार महिन्यांनी उडी मारणाऱ्याला कोणी सेक्शन सोपवत नाही, हेही लक्षात असू दे.

आता मुख्य गोष्ट. ताशी हिशेब कर. समज, सीडीपी म्हणून तुला १०० मिळतात आणि आठवड्याला ४८ तास भरतात. बढती मिळते, सू शेफ होतोस, पगार १२०. पेढे वाटून होतात. मग कळतं की आता ओव्हरटाइमचे पैसे नाहीत, इंडेंट (मालाची मागणी-यादी) तुलाच करायचा, कोणी आलं नाही तर त्याच्या सेक्शनवर तूच उभा, आणि आठवडा ६६ तासांवर गेलाय. पगार २० टक्क्यांनी वाढला आणि ताशी दर जवळजवळ १३ टक्क्यांनी उतरला. ही बढती घेऊ नये असं मी म्हणत नाही, पुढची दारं तिथूनच उघडतात. पण सही करताना हा हिशेब माहीत असावा. ब्रेक शिफ्टचंही, म्हणजे मध्ये खंड पडलेल्या पाळीचंही, तेच. दुपारचे तीन-चार तास कागदावर सुट्टीचे असतात, पण घर लांब असेल तर ते लॉकर रूममधल्या बाकावरच जातात. मी ते कामाचेच तास धरते.

आणि फुकट काम. मोठ्या नावाच्या किचनमध्ये बिनपगारी शिकायची प्रथा जुनी आहे. कोपनहेगनच्या नोमा रेस्टॉरंटने आपल्या इंटर्नना पगार द्यायला सुरुवात केली ती थेट २०२२ मध्ये, आणि पुढच्याच जानेवारीत त्यांच्या शेफने जाहीर केलं की या पद्धतीचं रेस्टॉरंट असंच चालवत राहणं झेपणारं नाही. जगातल्या सर्वोत्तमांत गणलेल्या किचनची ही कथा! मोठ्या नावाकडे जायचं असेल तर किती आठवडे आणि कोणत्या सेक्शनवर, हे आधी ठरवून जा. महिनोन्‌महिने नुसता पाला निवडून कोणी शेफ होत नाही.

मालक पगार का वाढवत नाही, असं तू विचारलं आहेस. कंजूष मालक असतात, भरपूर असतात. पण गणितही समजून घे. ढोबळमानाने १०० च्या बिलातले ३० कच्च्या मालात जातात, तेवढेच सगळ्या माणसांच्या पगारात, बाकीचं भाडं, गॅस, वीज, दुरुस्ती खाऊन टाकतात. हाती पाच उरले तरी धंदा बरा चाललाय म्हणायचं. तुझा पगार पगारांच्या त्या ३० मधून येतो, आणि त्यात वेटर, भांडी घासणारे, मॅनेजर सगळेच वाटेकरी.

म्हणून फूड कॉस्ट, म्हणजे कच्च्या मालाच्या खर्चाचा हिशेब, शिक. दहा किलोचा अख्खा मासा आला, डोकं, काटा, कातडी काढून साडेचार किलो फिले (बिनकाट्याचे तुकडे) निघाली, तर किलोचा खरा भाव बिलावरच्या भावाच्या दुपटीहून जास्त झाला. हे ज्याला ठाऊक नाही तो मेन्यूवर चुकीची किंमत लिहितो. डोकं-काटे उकळून स्टॉक (सूप-सॉसचा रस्सा) केलास, फिले एकसारखी कापलीस, वेस्टेजची वही ठेवलीस, आणि कच्च्या मालाचा खर्च ३३ वरून ३० वर आणलास, तर हाती उरणाऱ्या पाचाचे आठ होतात. पगारवाढ मागायला जाताना ती वही घेऊन जा. ‘मी खूप मेहनत करतो’ हे मालकाला रोज दहा जण सांगतात.

अंगाचंही बघ. चांगले बूट आणि एक धार टिकवणारी सुरी, एवढ्यावर हात आखडू नकोस. बाकी सुऱ्यांचा संग्रह सू शेफ झाल्यावर कर. पाठ आणि गुडघे चाळिशीत बिल पाठवतात, त्यासाठी पहिल्या पगारापासून थोडं बाजूला टाकत जा. जहाजावरच्या नोकरीत राहणं-खाणं सुटतं, शिल्लक पडते, पण करार संपला की पुढच्या करारापर्यंत पगार बंद असतो, हे धरून वर्षाचा आकडा काढ.

दोन्ही ठिकाणी चार गोष्टी विचार: आठवड्याचे प्रत्यक्ष तास किती, ओव्हरटाइम कोणत्या हुद्द्यापर्यंत, सर्व्हिस चार्ज आणि टिपमध्ये किचनचा वाटा आहे का आणि तो कोण ठरवतं, आणि मागचा माणूस का सोडून गेला. चौथ्याचं उत्तर मॅनेजरकडून घेऊ नकोस, मागच्या दाराशी चहा पिणाऱ्या कॉमींना विचार. दोन्ही ऑफर लेटरचे फोटो मला पाठव, सही त्यानंतर.