आईचा काढा डॉक्टरांना सांगू का?

प्रश्न: माझ्या आईला ब्रेस्ट कॅन्सर आहे, नवी मुंबईत केमो चालू आहे. मावशीच्या सांगण्यावरून ती रोज गुळवेलीचा काढा आणि हळदीच्या कॅप्सूल घेते. डॉक्टर ओरडतील म्हणून मला सांगू देत नाही. काय करू?
– एक वाचक, कळवा

उत्तर: सांगाच, आणि पुढच्या केमोच्या आधी सांगा. केमोची बरीचशी औषधं लिव्हरमधून जातात, म्हणून तर दर वेळी रक्तात एसजीपीटी (लिव्हरला त्रास झाला की वाढतं ते) वगैरे बघतात. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही जणांच्या लिव्हरला त्रास झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 मध्ये मांडलं होतं. आता आईचा रिपोर्ट बिघडला आणि काढ्याचं डॉक्टरांना माहीतच नसेल तर ते केमोला दोष देणार, डोस कमी करणार नाहीतर पुढे ढकलणार, म्हणजे नुकसान आईचंच ना!

भाजीतल्या हळदीची काळजी नको. कॅप्सूलचं वेगळं आहे, त्यात हळदीचा अर्क खूप जास्त असतो, वर बऱ्याचदा मिरीचा अर्कही घालतात, आणि पुढे टॅमॉक्सिफेनची गोळी (ब्रेस्ट कॅन्सर परत येऊ नये म्हणून देतात ती) सुरू झाली तर त्याने गोळीचं रक्तातलं प्रमाण कमी होऊ शकतं.

म्हणून सगळंच वाईट असं मुळीच नाही हं. टाटा हॉस्पिटलने ब्रेस्ट कॅन्सरच्या 850 पेशंटवर योगाचा अभ्यास केला, 2022 मध्ये तो मांडला, आणि योग करणाऱ्यांना फायदा दिसला, फक्त त्यात ट्रीटमेंट सगळ्यांची पूर्ण चालू होती, योग त्याच्या जोडीला होता. आईला झेपेल तेवढा प्राणायाम, चालणं, मळमळ झाली तर आल्याचा तुकडा, हे सगळं डॉक्टरांना विचारून खुशाल करा.

खरं म्हणजे "घरी अजून काय घेताय?" हे आम्ही डॉक्टरांनीच आधी विचारायला हवं, आणि न रागावता. नुसतं "सगळं बंद करा" म्हटलं की लोक घेत राहतात, फक्त सांगत नाहीत, हे मी ओपीडीत रोज बघते आणि फार वाईट वाटतं. आईला धीर वाटावा म्हणून मावशी हे करतायत, त्यांच्याशी भांडू नका, उलट त्यांनाच सोबत घेऊन जा. कॅप्सूलची बाटली, काढ्याचं पाकीट, सगळं पिशवीत टाका, लेबल डॉक्टरांना वाचू द्या आणि सरळ विचारा, यातलं काय चालेल, काय नाही आणि का. तोपर्यंत काढा आणि कॅप्सूल दोन्ही थांबवा, केमो मात्र चुकवू नका.