पिशवी काढूनच टाकू का, मॅडम?

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या केंद्राला, गर्दी कमी असते. मजुरी बुडवून कोण येणार? म्हणून ती तारीख नसताना दारात दिसली तेव्हाच मी समजले, काहीतरी बिनसलंय. नाव नको, सुमनताई म्हणू. वय एक्केचाळीस, यवतमाळकडची. बोंडांनी ओरखडलेल्या बोटांनी तिने कॅरीबॅगमधून घडी घातलेला कागद काढला. इंग्रजी तिला येत नाही, पण ‘पॉझिटिव्ह’ एवढा शब्द ती लांबूनही ओळखते. शिबिरात गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी झाली होती, त्याचा तो रिपोर्ट होता. एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरू शकणारा विषाणू, पॉझिटिव्ह.

“आधी एक होता, आता हा दुसरा कुठून आला? त्यायले जाऊन आठ वर्षं झाली मॅडम. लोक काय म्हणतीन?”

कॅन्सरचं नंतर, आधी लोकांचं. बहुतेक बायांचं असंच असतं, म्हणून मीही तिथूनच सुरुवात करते. एचपीव्ही शरीरसंबंधातून येतो हे खरं, पण तो कित्येक वर्षं गप्प बसून राहू शकतो. आजचा रिपोर्ट काल काय झालं ते सांगत नाही. लग्न झालेल्या बहुतेक बायांना तो कधी ना कधी होऊन जातो आणि वर्ष-दोन वर्षांत अंगातली ताकद त्याला हाकलते. हे मी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितल्यावर कुठे तिचा खांदा सैल झाला.

मग तिने खरा प्रश्न काढला. “मंग कॅन्सर होणारच का? जावेनं तं पिशवीच काढली. मीबी काढूनच टाकू का?” एका खासगी दवाखान्यात तिला तसा सल्लाही मिळाला होता, खर्चाच्या आकड्यासकट. या सल्ल्याची मला चीड आहे. विषाणू सापडला एवढ्यासाठी पिशवी काढत नाहीत, आणि काढली तरी तो योनीमार्गात राहू शकतो.

धोका मात्र मी लपवला नाही. एचआयव्ही असलेल्या बाईला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका इतर बायांच्या सुमारे सहापट असतो. ती निंदणाला जाते, म्हणून तिच्याच भाषेत सांगितलं: तण सगळ्यांच्याच वावरात येतं, तुझ्या वावरात निंदणाऱ्या बाया कमी पडल्या होत्या. गोळ्या सुरू केल्या तेव्हा तिचा सीडी-फोर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, जेमतेम १३० होता. आता गोळ्या नियमित आहेत, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला एचआयव्ही, दबलेला आहे, म्हणजे बाया परत कामाला लागल्या. पण त्या नव्हत्या तेव्हा काय वाढलं, ते वाकून बघावंच लागतं. एरवी विषाणू ते कॅन्सर या वाटेला पंधरा-वीस वर्षं लागतात. प्रतिकारशक्ती खालावलेली असेल आणि उपचार नसतील, तर पाच-दहा वर्षांतही ती वाट संपते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना इतर बायांना तिशीपासून तपासणी सांगते, तर एचआयव्ही असलेल्या बाईला पंचविशीपासून, आणि एचपीव्हीची चाचणी दर तीन ते पाच वर्षांनी.

सहा वर्षं ती दर महिन्याला माझ्यासमोर बसत होती. गोळ्या मोजल्या, वजन विचारलं, मुलीची शाळा विचारली. पिशवीच्या तोंडाची तपासणी केली का, हे एकदाही विचारलं नव्हतं. २००८ चं वैद्यकाचं नोबेल या दोन्ही विषाणूंच्या शोधांना मिळून दिलं गेलं. आमच्याकडे मात्र दोघांच्या खिडक्या अजून वेगळ्या, आणि मधला व्हरांडा कोणी ओलांडून देत नाही.

त्या दिवशी मीच तिला घेऊन तो ओलांडला. डॉक्टरीणबाईंनी पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावलं. मिनिटभराने तांदळाएवढा पांढरा डाग उमटला. कॅन्सर नव्हे, त्याच्या बऱ्याच आधीची पायरी. पुढच्या आठवड्यात गरम टोकाच्या यंत्राने तो डाग जाळला. भूल नाही, भरती नाही. काही दिवस पाण्यासारखं जाईल, महिनाभर जपायचं आणि वर्षाने पुन्हा तपासायचं, एवढंच सांगितलं.

“पुन्हा काहून?” म्हणाली, आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच, “हो, मुळी राहते ना.”

वर्षानंतरची तारीख तिने माझ्याकडून वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतली. वेचणी सुरू व्हायच्या आधीची.