नर्स आहे, एकटी आई आहे, नागपूरच्या धंतोलीत नोकरी मिळतेय. खोली कुठे घेऊ?

ताई, तुम्ही गोंदियात जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या स्टाफ नर्स, पदरी चार वर्षांची मुलगी, धंतोलीतल्या हॉस्पिटलची २२ हजारांची ऑफर. तिथले किराये ऐकून तुमचा पाय मागे येतोय. लांब हुडकेश्वरकडे स्वस्त खोली घेऊन ये-जा केली तर निभेल का, असं विचारलंत.

आर्वीहून आले तेव्हा मी हेच केलं. मुलगा पाच वर्षांचा होता, हुडकेश्वरला साडेतीन हजारांत खोली मिळाली. इव्हिनिंग दोन ते आठ. पण आठला ड्यूटी संपते ती रोस्टरवर. रिलीव्हर यायचा असतो, हँडओव्हर द्यायचा असतो, नेमका तेव्हाच एखादा पेशंट सिरियस होतो. एका रात्री घरी पोचायला साडेनऊ झाले. शेजारच्या काकूंना अचानक मयतीला जावं लागलं, "आई येतेच आहे" म्हणून त्याला जिन्यावर बसवून गेल्या. पोरगा दप्तराला टेकून झोपला होता, पायात बूट तसेच. उठवलं तर म्हणाला, "तू आली की लगेच आत जायचं होतं ना, म्हणून काढले नाही." काकूंना काय बोलणार? चूक माझ्या हिशेबात होती. त्याच महिन्यात खोली सोडली.

तेव्हा आधी माणूस शोधा, मग खोली. नाईटला मुलीजवळ कोण झोपणार, हे ठरल्याशिवाय गोंदिया सोडू नका. पाळणाघरं संध्याकाळी बंद होतात, रात्रीला कोणी नसतं. मला अजनीत एक आजी भेटल्या, एकट्या राहणाऱ्या, शुगरच्या पेशंट. खालची खोली सात हजार, म्हणजे थेट दुप्पट. पण नाईटला मुलगा वर त्यांच्याजवळ झोपायचा. सकाळी मी आले की आधी त्यांची शुगर तपासायची, इन्सुलिन द्यायचं, मग आम्ही तिघं चहा घ्यायचो. एकट्या म्हाताऱ्या घरमालकांना नर्स किरायेदार फार हवी असते, ताई. काँग्रेसनगर, अजनी, रामबाग अशा जुन्या वस्त्यांत स्वतः पायी फिरा, दारात बसलेल्या बायकांशी बोला. दलालाकडे अशी घरं येत नाहीत. थोडं लांब जावंच लागलं तर मेट्रोच्या मार्गावर जयप्रकाशनगर, उज्ज्वलनगरकडे बघा. तिथून काँग्रेसनगर स्टेशनला उतरलं की धंतोली लागूनच.

आता हॉस्पिटलशी बोलणी. २२ हजार म्हणजे उपकार समजू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने २०१६ मध्येच ५० खाटांहून लहान हॉस्पिटलातही नर्सला किमान २० हजार आणि २०० हून जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार, अशी शिफारस केली होती. खाटा किती ते विचारा आणि मग बोला. पीएफ कापून हातात किती येणार, महिन्याला नाईट किती, हे लिहून घ्या. ईएसआयसी म्हणजे कामगार आणि त्याच्या कुटुंबाच्या उपचारांचा सरकारी विमा, त्याची वेतनमर्यादा २१ हजार आहे. तुम्ही तिच्या बाहेर जात असाल तर मुलीच्या आजारपणाचा खर्च कोण करणार ते आत्ताच विचारा. आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय देणं कायद्याने बंधनकारक आहे, आईला दिवसातून चार वेळा बाळाला बघायला जाता येतं. मुलगी चार वर्षांची आहे, तुम्हाला याचा उपयोग होईल. मुलाखतीत बायका हे विचारायला लाजतात. मीही लाजले होते, विचारायला हवं होतं.

खोलीचा करार नोंदवून घ्या. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार ती जबाबदारी घरमालकाची आहे, आणि शाळेत पत्त्याचा पुरावा म्हणून तोच कागद चालतो.

एक गोष्ट नागपूरबाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. स्लॅबखालची वरची खोली स्वस्त मिळते, ती घेऊ नका. मे महिन्यात पारा ४५ ला जातो, कूलर गरम हवा फेकतो, आणि नाईट करून आलेल्या बाईला दिवसा झोप लागत नाही. न झोपता पुन्हा नाईटला गेलं की इंजेक्शन भरताना हात थरथरतो; माझा थरथरलाय. खोली बघायला दुपारी दोनला जा आणि छताखाली दहा मिनिटं उभ्या राहा.