विषारी वायूत करिअर?

तुमचं पत्र वाचलं. मुलगी रसायनशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टच्या निमित्ताने कार्बन मोनॉक्साइडबद्दल वाचलं आणि आता यातच काम करायचं म्हणते. तुम्हाला हा वायू बंद खोलीत माणसं मारणारा म्हणूनच माहीत, त्यामुळे तुम्ही धास्तावला आहात. शिवाय पुढे एम.एस्सी. की केमिकल इंजिनिअरिंग, हा प्रश्न आहेच.

धास्ती खोटी नाही. या वायूला रंग नाही, वास नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून जास्त घट्ट धरतो. पण गंमत अशी, की हिमोग्लोबिनमधल्या लोहासारख्या धातूंना धरण्याच्या याच खोडीवर मोठमोठे कारखाने चालतात. निकेलला तो साधारण 50 ते 60 अंशांवर धरून वायुरूप करतो, आणखी तापवलं की सोडून देतो. मागे उरतं शुद्ध निकेल. रसायनशास्त्रज्ञ लुडविग माँडची ही पद्धत 1890 ची. ऱ्होडियम हा धातू उत्प्रेरक म्हणून वापरून तो मिथेनॉलशी जोडला की ॲसिटिक ॲसिड मिळतं. 1970 च्या सुमारास मोन्सँटो कंपनीने ही प्रक्रिया उद्योगात आणली, 1996 मध्ये बीपी कंपनीने तिथे इरिडियम हा धातू वापरला. मिथेनॉलसुद्धा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनच्या मिश्रणातूनच बनतं, त्याला सिंथेसिस गॅस म्हणतात. क्लोरीनबरोबर तो फॉस्जीन हा दुसरा विषारी वायू देतो, त्यातून पुढे गाद्यांचा पॉलियुरेथेन फोम. उलट अमोनियाच्या प्लँटमध्ये हाच वायू उत्प्रेरकाला बाद करतो, म्हणून आधी काढून टाकावा लागतो.

आता तिला एकच विचारा: ॲसिटिक ॲसिडसाठी ऱ्होडियम जमतं आणि लोखंड का नाही, हे कळल्याशिवाय झोप येत नाही का? तसं असेल तर एम.एस्सी., तीही इनऑरगॅनिक किंवा ऑर्गनोमेटॅलिककडे (धातू आणि कार्बन यांच्या जोडीच्या रसायनशास्त्राकडे) झुकणारी. मात्र संशोधनातल्या चांगल्या जागा बहुधा पीएच.डी. मागतात, तेवढ्या वर्षांची तयारी घरच्यांचीही हवी. की हवेच्या तीसपट दाबाखालची रिॲक्टर गळू न देता वर्षभर कशी चालवायची, याचं कुतूहल आहे? मग इंजिनिअरिंग. गॅस डिटेक्टर, आपोआप बंद होणारे व्हॉल्व्ह, गळतीचे सराव हा तिथे रोजच्या कामाचाच भाग असतो, आणि प्रोसेस सेफ्टी, म्हणजे कारखान्यातली प्रक्रिया सुरक्षित ठेवणं, हे स्वतंत्र करिअरही आहे. माझं मत विचाराल तर हुशार मुलं तिकडे फारशी बघत नाहीत, ही त्यांची चूक आहे.

इंजिनिअरिंगकडे वळायचं ठरलं तर डिफरन्शियल इक्वेशन्स आणि थर्मोडायनॅमिक्स आत्तापासून पक्कं करायला सांगा. बी.एस्सी.ची मुलं तिथेच अडखळतात.