कॅनडातल्या थंडीत घरच्या घरी तंबाखू लावून पानं तयार करता येतात का?

तुम्ही विचारलंय की ऑन्टारियोत घराच्या मागच्या परसात थोडी तंबाखू लावली तर ती येईल का, आणि इथल्या गारठ्यात पानं वाळवायची कशी. येते, आणि चांगली येते. वाळवण्यात मात्र बहुतेकांचं वर्ष वाया जातं, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

हवामानाची भीती मनातून काढून टाका. ईरी सरोवराच्या उत्तर काठावरचा नॉरफोक, टिल्सनबर्ग, डेल्हाय (नकाशावर स्पेलिंग आपल्या दिल्लीचंच) हा सगळा भाग १९२० च्या दशकापासून तंबाखूवर उभा राहिला. त्याच्याही कित्येक शतकं आधी वेंडाट आणि त्यांच्यासारखे इथले मूळ रहिवासी दक्षिण ऑन्टारियोत रस्टिका जातीची तंबाखू लावत होते. पीक उन्हाळ्याचं आहे. लावणीपासून तोडणीपर्यंत तीनेक महिने बिनगारठ्याचे मिळाले की झालं, आणि दक्षिण ऑन्टारियोत ते मिळतात.

कायद्याचं आधी बघून घ्या. कॅनडाच्या २००१ च्या अबकारी कायद्यानुसार १८ वर्षांवरच्या माणसाला राहत्या जागेत पिकवलेल्या पानापासून वर्षाला १५ किलोपर्यंत तंबाखू स्वतःपुरती करता येते. विकायची नाही. प्रांताचे नियम वेगळे असू शकतात, ते सरकारी संकेतस्थळावर वाचा. हे उत्तर दुसऱ्या देशातून वाचणाऱ्यांनी तिथला कायदा पाहावा. ऑस्ट्रेलियात परवान्याशिवाय एक रोपसुद्धा लावता येत नाही.

बी अतिशय बारीक असतं, एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या आसपास. मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात घरात, खिडकीशी किंवा दिव्याखाली, ओल्या मातीवर नुसतं भुरभुरवा. वर माती टाकू नका, उगवायला उजेड लागतो. २० ते २५ अंश ऊब मिळाली तर आठवड्या-दोन आठवड्यांत उगवतं. तरवा वीतभर झाला की आठवडाभर रोज थोडा वेळ बाहेर ठेवून हवेची सवय लावा आणि मेच्या अखेरीस, पाला गोठवणाऱ्या दहिवराची (फ्रॉस्टची) भीती संपल्यावर, दोन ते तीन फुटांवर लावा. जमीन निचऱ्याची हवी. खताचं एक पक्कं लक्षात ठेवा: जुलैनंतर नत्र द्यायचं नाही. उशिरा नत्र मिळालं की पान हिरवंगार राहतं, पिकतच नाही, आणि इथं तर आपल्याकडे वाट बघायला दिवसच नसतात. पोटॅश द्यायचं तर सल्फेटचं द्या. क्लोराइड पानात साचलं की पान नीट जळत नाही.

कळीचा तुरा दिसला की शेंडा खुडा, नंतर बगलफूट काढत राहा. म्हणजे सगळा जोर पानात उतरतो. शेपटीवर शिंग असलेली जाड हिरवी अळी दिसली तर हाताने वेचा. एखादं झाड बियासाठी राखलंत तर पुढची कित्येक वर्षं बी विकत घ्यावं लागत नाही.

पान तोडताना हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, आणि दवात किंवा पावसात भिजलेल्या पानाला हात लावू नका. ओल्या पानातलं निकोटिन कातडीतून शरीरात जातं. मळमळ, चक्कर, उलट्या होतात. शेतमजुरांना होणारा हा नेहमीचा आजार आहे. घरात लहान मूल किंवा कुत्रं असेल तर पानं त्यांच्या हाताला-तोंडाला लागणार नाहीत अशीच ठेवा. शिवाय 'घरची, बिनरसायनाची' म्हणून ही तंबाखू कमी घातक असते असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. निकोटिन तेच, धूर तोच, आणि कॅन्सर करणारे नायट्रोसामाइन्स तर पान वाळता वाळताच त्यात तयार होतात.

आता वाळवण. मी निपाणीच्या बाजूचा. आमच्याकडे विडीची तंबाखू जानेवारी-फेब्रुवारीत काढतात आणि रानातच उन्हात वाळवतात. पान झाडावरच पिकून, ठिपके पडून तयार झालेलं असतं. ऊन आणि कोरडी हवा पुढचं काम करते. तीच रीत डोक्यात ठेवून इथं पान उन्हात टाकलंत तर ते हिरवंच कडकडीत वाळेल.

कारण असं की तोडलेलं पान लगेच मरत नाही. काही दिवस ते जिवंत असतं, आणि त्या दिवसांतच त्यातल्या स्टार्चची साखर होते, हिरवा रंग मोडतो, पान पिवळं पडतं. त्यासाठी ऊब आणि ओलावा दोन्ही लागतात. पाणी आधीच उडून गेलं तर पान मधेच मरतं आणि हिरवेपणा अडकून बसतो. असं पान मग कितीही ठेवा, ओढताना गवताचा वास आणि घशाला चरका कायम. थंडीतही हे काम जवळपास थांबतं. रात्री दहा अंशांपर्यंत उतरल्या की पान धड पिकत नाही, धड वाळत नाही.

म्हणून सप्टेंबर संपायची वाट बघू नका. खालची पानं फिकट पिवळसर झाली, टोकं खाली वळली की ऑगस्टपासूनच खालून वर, टप्प्याटप्प्याने तोडत या. गोठवणारं दहिवर पडायच्या आत वरची पानंही घरात हवीत. गोठलेलं पान कामातून जातं.

तोडलेली पानं आधी पुठ्ठ्याच्या खोक्यात वीतभर थराने रचा, वर कापड टाका. रोज उलथापालथ करा, नाहीतर मधे तापून सडतात. पिवळी झाली ती बाजूला काढून देठाला दोरा ओवून टांगा, दोन पानांत हवा खेळेल इतकं अंतर ठेवून. गराज चांगलं, तळघर त्याहून चांगलं. साधं, स्वस्तातलं आर्द्रतामापक तिथं लटकवा. ६५ ते ७५ टक्के धरून ठेवायची. ८५ च्या वर गेली तर बुरशी येते, मग पंखा लावा. घर गरम ठेवणारी भट्टी (फर्नेस) सुरू झालेल्या घरात मात्र पान टांगू नका, ती हवा इतकी कोरडी असते की दोन दिवसांत पानाचा पापड होतो. नाइलाजच असेल तर प्लास्टिकचा तंबू करून आत ओलं फडकं ठेवा. चार ते आठ आठवड्यांत पान तपकिरी होतं. मधली शीर वाकवली की कट्‌कन मोडली पाहिजे. शीर ओली असताना भरून ठेवलेली पानं आतून बुरसतात.

वाळलेल्या पानाला हात लावायचा तो पावसाळी दिवशी, ते जरा सादळल्यावर. कोरडं असताना चुरा होतो. असं मऊ पान घट्ट झाकणाच्या बरणीत वर्षभर तरी मुरू द्या. मुरताना अमोनियाचा वास सुटतो, तो अधूनमधून झाकण उघडून जाऊ द्यायचा. घाई असणारे लोक जुन्या बंद फ्रिजमध्ये पाण्याचा स्लो कुकर आणि थर्मोस्टॅट ठेवून ५० अंशांवर महिनाभर पान मुरवतात. जमतं, पण वीज आणि पाणी एकत्र आहे, वायरिंग जाणत्याकडून करून घ्या आणि खोलीत धुराचा अलार्म असू द्या.

एका झाडाचं तयार पान साधारण ८० ते १०० ग्रॅम धरा. पहिल्या वर्षी आठ-दहा झाडं पुष्कळ झाली, कारण टांगायची जागा तुम्हाला वाटते त्याच्या दुप्पट लागते.