माक्की एम.सी.७२ च्या मॉडेलचे पंख खऱ्या पितळेसारखे दिसायला कोणता रंग वापरावा?

माक्की एम.सी.७२ म्हणजे १९३० च्या दशकातलं इटलीचं वेगविक्रमी सागरी विमान, अंग लाल आणि पंख पितळी. तुमचं मॉडेल १/४८ चं आहे आणि सोनेरी स्प्रे मारल्यावर पंख खेळण्यातले वाटतात, असं तुम्ही लिहिलंय. वाटणारच. ॲलक्लॅड या मॉडेलांच्या धातुरंगांच्या ब्रँडचं पॉलिश्ड ब्रास घ्या, पण रंगापेक्षा त्याच्याखाली काय आहे यावर जास्त अवलंबून आहे.

ते पितळ सजावटीचं नाही. फियाटच्या त्या २४ सिलिंडरच्या इंजिनाला वेगळा रेडिएटर बाहेर लावला असता तर हवेचा अडथळा वाढला असता. म्हणून पंखांची आणि फ्लोट्सची (पाण्यावर तरंगायच्या पायांची) पाठच रेडिएटर केली: शेजारीशेजारी चपट्या नळ्या, आतून गरम पाणी. याच विमानातून २३ ऑक्टोबर १९३४ ला इटलीतल्या गार्दा सरोवरावर फ्रान्चेस्को अजेल्लोनं ताशी ७०९ किमी वेग गाठला. पिस्टन इंजिनाच्या सागरी विमानांचा तो विक्रम आजही कायम आहे. त्यामुळे नुसती पिवळी चकाकी पुरत नाही, झळाळी पंखाच्या पुढच्या कडेपासून मागे धावलेली दिसायला हवी.

अंगाचा लाल आधी, पंखांचं पितळ शेवटी. उलट करा असं सांगणारे पुष्कळ भेटतात आणि मला ते अजिबात पटत नाही. धातूचा थर इतका पातळ असतो की त्यावर टेप लावून काढली की पापुद्रा निघतो किंवा चमक मरते. लालाखाली पांढरा किंवा गुलाबी प्रायमर द्या. करड्यावर लाल मळकट दिसतो. रेडिएटरचा भाग तेव्हाच झाका. लाल ४८ तास सुकू द्या, मग लालावर टेप लावून तिची कड टूथपिकनं दाबून बसवा.

उघड्या भागावर २००० चा पॉलिश पेपर ओला करून फिरवा. इथला बारीकसा चराही पितळेखाली ओरडून दिसतो. मग चकचकीत काळ्याचे तीन पातळ हात आणि एक दिवस थांबा. काळ्यात ट्यूबलाइटची कड सरळ उमटली तरच पुढे जा. लाटेसारखी दिसली तर घासून पुन्हा. पितळ एअरब्रशनं, १२ ते १५ पीएसआय इतक्या कमी हवेच्या दाबावर, दोन-तीन इंचांवरून, धुक्यासारखं. काळं जेमतेम झाकलं की हात थांबवा. जाड थरानं पितळ करडं पडतं.

शेवटी पाच भाग पितळात एक भाग तांबं मिसळून २-३ मिमीचे अस्पष्ट पट्टे पुढून मागे ओढा. टेप नको, कार्डाची सरळ कड धरा. वार्निश पितळावर चुकूनही नको. खाचांत भरायचा पातळ काळा रंग, म्हणजे वॉश, तोही नको, आणि यावर मी वाद घालायला तयार आहे. देझेन्झानोच्या वेगपथकाचं ते विमान होतं, आघाडीवरचं लढाऊ नव्हे. नळ्यांच्या रेषांत काजळी भरली की पंख पन्हाळी पत्र्यासारखे दिसतात.

हे सगळं लाल ॲक्रिलिक किंवा लॅकर धरून सांगितलंय. लाल एनॅमल असेल तर लॅकर कडेला लागून सुरकुत्या पडतील. तिथे काळंही ॲक्रिलिकच घ्या. पावसाळ्यात लॅकर पांढरट पडतो, कोरडा दिवस बघा. आणि नाकावरचे दोन्ही पंखे (प्रोपेलर) एकमेकांच्या उलट फिरतात, तेव्हा चिकटवण्याआधी पात्यांचा पीळ एकमेकांच्या उलट आहे ना, ते तपासा.